पद्मिनी की ॲम्बॅसडर : कामगिरी आणि सोय यांविषयी एक संवाद

भारतीय मोटारींच्या इतिहासात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर येईपर्यंतचा काळ हा मुख्यतः दोन गाड्यांचा काळ होता. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ही तिसरी गाडी बाजारात होती, परंतु तिचा प्रसार या दोहोंच्या मानाने मर्यादितच राहिला. पहिली गाडी म्हणजे पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, जी ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली होती. आणि दुसरी म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात बनणारी फियाट ११००, जिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. या फियाटच्या घराण्याचा मूळ आराखडा दान्ते जिआकोसा या इटालियन अभियंत्याचा होता आणि तो १९५३ साली बाजारात आला. म्हणजे दोन्ही गाड्या जन्माने एकाच दशकातल्या, एकाच युद्धोत्तर युरोपातल्या. मात्र एकीत इंग्रजी मध्यमवर्गाच्या भारदस्तपणाची ओढ होती आणि दुसरीत महाग पेट्रोल व अरुंद गल्ल्या यांच्याशी जमवून घेणारी इटालियन काटकसर होती.

या दोन गाड्यांपैकी सरस कोणती, हा वाद बहुतेक वेळा आठवणींच्या आधारे घातला जातो. तो मापांच्या आणि वापराच्या आधारे घालायचा झाल्यास दोन संज्ञा आधी स्पष्ट कराव्या लागतात. कामगिरी म्हणजे वेग, चढ चढण्याची ताकद, वळणावरचा तोल आणि थांबण्याची क्षमता. तर सोय म्हणजे माणसे व सामान सामावण्याची जागा, इंधनाचा खर्च, दुरुस्तीची सुलभता आणि गाडी वर्षानुवर्षे चालती ठेवण्याचा एकूण हिशेब. पुढील संवादातील दोन्ही भूमिका कल्पित आहेत: एक यंत्रशास्त्र जाणणाऱ्या अभियंत्याची, जो गाडीकडे चालकाच्या जागेवरून पाहतो, दुसरी वाहतुकीच्या इतिहासाच्या अभ्यासकाची, जो मागच्या सीटवरून आणि गॅरेजच्या दारातून पाहतो.

अभियंता : आकड्यांपासून आरंभ केला तर वाद फार लांबू नये. पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, ॲम्बॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे. म्हणजे दुसरे पहिल्यापेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक मोठे. असे असूनही पद्मिनीची शक्ती सुमारे ४२ अश्वशक्ती आणि ॲम्बॅसडरची सुमारे ५० अश्वशक्ती, हा फरक आकारमानाच्या मानाने अगदीच तुटपुंजा आहे. त्यातच पद्मिनीचे वजन ८९५ किलोंच्या आसपास आणि ॲम्बॅसडरचे सव्वाअकराशे किलोंच्या घरात. टनामागे किती अश्वशक्ती हे गाडीच्या चपळाईचे खरे माप असते, आणि ते काढले तर पद्मिनीच्या वाट्याला सुमारे ४७ व ॲम्बॅसडरच्या वाट्याला सुमारे ४४ येतात. मोठे इंजिन ज्या गाडीत आहे तीच मंद ठरते, ही गोष्ट आपण नाकारू शकणार नाही.

अभ्यासक : आकडे मान्य आहेत, परंतु ते रिकाम्या गाडीचे आहेत, आणि या देशात रिकामी गाडी पाहिली कोणी? चार माणसे, त्यांच्या वळकट्या, ट्रंका आणि पाण्याची सुरई असे साडेतीनशे किलो ओझे दोन्ही गाड्यांत चढवून आपण तोच भागाकार पुन्हा करावा. दोन्हींची उत्तरे टनामागे ३४ अश्वशक्तींच्या आसपास येतात. हलक्या गाडीला ओझे अधिक जाणवते आणि जड गाडीला कमी, एवढेच हे गणित सांगते. पाचवे आणि सहावे माणूस बसवले की आपल्या पद्मिनीची आघाडी उरत नाही, आणि ॲम्बॅसडरमध्ये ते सहावे माणूस बसतेच.

या उत्तरात तथ्य आहे, आणि दोन गाड्यांच्या कीर्तीतील बराचसा विरोधाभास त्यातून उलगडतो. एकटा किंवा जोडीने प्रवास करणाऱ्या मालकाला पद्मिनी चपळ वाटत असे, तर कुटुंबकबिल्यासह गावी निघालेल्या मालकाला ॲम्बॅसडर कधी दमत नाही असा अनुभव येई. दोघेही खरेच सांगत होते. इंजिनांच्या रचनेतही या भेदाचे कारण सापडते. दट्ट्या ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्याच्या व्यासाला बोअर म्हणतात आणि दट्ट्या एका दिशेने जितका सरकतो त्या अंतराला स्ट्रोक म्हणतात. ॲम्बॅसडरच्या इंजिनात बोअर ७३ मिलिमीटर व स्ट्रोक जवळजवळ ८९ मिलिमीटर आहे, तर पद्मिनीत ही मापे ६८ व ७५ मिलिमीटर अशी आहेत. लांब स्ट्रोकचे इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर देते, मात्र फार वेगाने फिरायला नाखूश असते. म्हणूनच ॲम्बॅसडरची कमाल शक्ती मिनिटाला ४२०० फेऱ्यांवर मिळते आणि पद्मिनीची ४८०० फेऱ्यांवर. पहिल्या गाडीचा चालक तिसऱ्या गिअरमध्ये निवांतपणे चढ ओढत नेतो, दुसरीच्या चालकाला तोच चढ गिअर बदलत आणि इंजिनाला जागे ठेवत पार करावा लागतो. ज्याला गाडी चालवण्यात रस आहे त्याला दुसरा प्रकार आवडेल, आणि पगारी चालक ठेवणाऱ्याला पहिला.

अभियंता : चढाचा विषय निघालाच आहे तर उतारही विचारात घ्यावा. दोन्ही गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे फिरत्या पिंपाच्या आत अर्धवर्तुळाकार पट्टे दाबून गाडी थांबवण्याची जुनी पद्धत. पायाचा जोर वाढवणारी व्हॅक्यूमची मदत या जुन्या गाड्यांत नसे. बोर घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक वारंवार दाबले की ड्रम तापतात, पट्ट्यांचे घर्षण घटते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. अशा वेळी दोन-सव्वादोनशे किलो अधिक वजन हा भारदस्तपणा उरत नाही, तो थेट धोका होतो.

अभ्यासक : म्हणूनच जुने चालक ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा असे शिकवत आणि इंजिनाच्या रेट्यावर गाडी आवरत. ते मोठे इंजिन, ज्याच्या गाडीला आपण मंद म्हटले, उतारावर गाडी मागे खेचून धरण्याच्या कामी येते.

घाटाचा प्रश्न महाराष्ट्रातील मालकांसाठी कधीच पुस्तकी नव्हता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला होण्याआधी खंडाळ्याच्या जुन्या वळणांवर, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हे नेहमीचे दृश्य होते. त्या थांबण्याची कारणे दोन असत आणि ती अनेकदा एकमेकांत मिसळून टाकली जातात. एक म्हणजे रेडिएटरमधील पाणी उकळणे, ज्यावर इंजिन थंड होऊ देणे आणि मग सावकाश पाणी भरणे एवढाच उपाय होता. दुसरे म्हणजे व्हेपर लॉक, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पंपाला इंधन पुढे ढकलता न येणे; त्यावर पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा उपाय सर्वत्र माहीत होता आणि तो शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे, कारण बाष्पीभवनाने पंप थंड होऊन वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर होते. थंड युरोपसाठी आखलेल्या या इंजिनांना चाळीस अंशांच्या उन्हात, पूर्ण भाराने, दुसऱ्या गिअरमध्ये तासभर चढायला लावणे हीच मुळात त्यांच्या आराखड्याबाहेरची अपेक्षा होती, आणि तिच्यापुढे दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच हतबल ठरत.

स्टिअरिंग आणि स्प्रिंग यांच्या बाबतीत मात्र कागदावरचा निकाल आणि हाताला येणारा अनुभव यांत विसंगती दिसते. ॲम्बॅसडरला रॅक-अँड-पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग आहे, ज्यात दातेरी चाक थेट दातेरी पट्टीला सरकवते; आधुनिक गाड्यांतही हीच पद्धत रूढ आहे. पद्मिनीत मात्र वर्म गिअरची, म्हणजे आटे असलेल्या दांड्याने गती पोहोचवणारी, जुनी पेटी आहे. तत्त्वतः पहिली पद्धत अधिक नेमकी. तरीही दोन्ही गाड्या चालवलेल्या बहुतेकांचा कौल पद्मिनीच्या हलक्या हाताला मिळतो, कारण पुढच्या चाकांवरचे वजनच तिथे कमी आहे. मागच्या बाजूला दोन्हींत कमान-पाटेच आहेत. पुढे पद्मिनीत गुंडाळी स्प्रिंग आहे, तर ॲम्बॅसडरमध्ये टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी कांब. मोठी पंधरा इंची चाके, लांब व्हीलबेस आणि स्वतःचेच भरपूर वजन यांमुळे ॲम्बॅसडर खड्ड्यावरून डुलत जाते आणि मागे बसलेल्याला तो धक्का न वाटता हेलकावा वाटतो. पद्मिनीत तोच खड्डा मणक्यापर्यंत पोहोचतो.

अभ्यासक : आपण आता सोयीकडे वळू. सरकारी कार्यालयांनी, मंत्र्यांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी ॲम्बॅसडर निवडली ती काही वेगासाठी नव्हे. मागच्या दारातून न वाकता आत शिरता येते, धोतर किंवा साडी नेसलेल्या माणसाला पाय पसरून बसता येते, आणि डिकीत सामान ठेवल्यावरही दौऱ्याचे कागदपत्र मांडीवर उघडता येतात. ज्या रस्त्याला डांबर लागलेले नाही त्या रस्त्यावरही ती जाते. सोय याहून निराळी कशाला म्हणायची?

अभियंता : ती मागे बसणाऱ्याची सोय झाली. गाडी स्वतः चालवणाऱ्या, स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरणाऱ्या आणि चाळीच्या बोळात ती उभी करणाऱ्या कारकुनाचा, डॉक्टरचा किंवा प्राध्यापकाचा विचार करावा. पद्मिनी ॲम्बॅसडरपेक्षा सुमारे चाळीस सेंटिमीटर आखूड आणि वीस सेंटिमीटर अरुंद आहे. शहरात ती लिटरला साधारण बारा किलोमीटर जाते, तेथे ॲम्बॅसडर नऊ-दहांवर थांबते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले तेव्हा हा फरक दर महिन्याच्या हिशेबात दिसू लागला.

अभ्यासक : इंधनाचा मुद्दा मान्य. मात्र त्याला उत्तर म्हणून डिझेलची ॲम्बॅसडर आली, हे विसरू नये.

अभियंता : आली खरी, परंतु ३७ अश्वशक्ती घेऊन. एवढ्या वजनाला ३७ अश्वशक्ती, म्हणजे इतर वाहनचालकांच्या संयमाची परीक्षा.

या टोल्याचा अभ्यासकाने प्रतिवाद केला नाही, आणि करण्यासारखे फारसे काही नव्हतेही. भाड्याने चालणाऱ्या गाडीला वेगापेक्षा इंधनाचा खर्च महत्त्वाचा असल्याने डिझेल ॲम्बॅसडर टॅक्सीवाल्यांनी आपलीशी केली, खासगी मालकांनी तिच्याकडे पाहताना दहादा विचार केला. वादाचा खरा गाभा मात्र यापुढे, दुरुस्तीच्या प्रश्नात आहे.

अभ्यासक : या गाड्यांची सर्वांत मोठी सोय अशी की त्या कुठेही दुरुस्त होत. तालुक्याच्या गावातील मेस्त्री पान्यांचा एक संच, फीलर गेज आणि थोडे ग्रीस यांवर त्या पुन्हा चालत्या करी. प्लग साफ करणे, पॉइंटमधील फट जुळवणे, कार्ब्युरेटर उघडून धुणे ही कामे मालक स्वतःही करत. वर्षानुवर्षे आराखडा न बदलल्याने एका दशकातील गाडीचा भाग दुसऱ्या दशकातील गाडीला बसे.

अभियंता : दुरुस्ती सोपी असणे आणि दुरुस्ती वारंवार करावी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीच्या आड दुसरी लपवत आहात. जी गाडी काही हजार किलोमीटरांवर पॉइंट, प्लग, टॅपेट, ग्रीसिंग मागते, तिच्या मालकाला हे सगळे शिकावेच लागते. मारुती ८०० आली तेव्हा लोकांनी बोनेट उघडणेच सोडून दिले. त्यात त्यांची काही गैरसोय झाली असे दिसत नाही.

येथे दोन्ही बाजूंना एका तिसऱ्या घटकाची दखल घ्यावी लागते, तो म्हणजे सरकारी धोरण. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, ज्या कंपन्या देशातच टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवण्यास तयार आहेत त्यांनाच मोटारनिर्मितीची मुभा राहिली आणि नुसती जुळवणी करणाऱ्या परदेशी कंपन्या बाहेर पडल्या. त्यानंतर उत्पादनाची संख्या परवान्याने ठरू लागली, १९६९ पासून काही काळ किमतीही सरकारने नियंत्रित केल्या, आणि गाडीसाठी नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहू लागले. किंमत वाढवता येत नाही, संख्या वाढवता येत नाही आणि तयार झालेली प्रत्येक गाडी विकली जाणारच आहे, अशा स्थितीत आराखडा सुधारण्यावर पैसा खर्च करण्याचे कोणतेही कारण कारखान्याला उरत नाही. अभ्यासक ज्याला सुटे भाग सर्वत्र मिळण्याची सोय म्हणतो, ती या गोठलेल्या आराखड्याची अनपेक्षित देणगी होती. आणि अभियंता ज्याला वारंवार बिघाड म्हणतो, तो त्याच गोठण्याचा दुसरा परिणाम होता. त्यामुळे दुरुस्तीसुलभतेचे श्रेय मॉरिसच्या किंवा फियाटच्या मूळ आराखड्याला देणे हा अर्धाच न्याय आहे. त्या काळातील जवळजवळ प्रत्येक युरोपीय गाडी पान्याने उघडता येण्यासारखी होती. इथल्या गाड्या तशाच राहिल्या, इतकेच. नवी गाडी दुर्मीळ आणि मेस्त्रीची मजुरी स्वस्त असलेल्या समाजात मात्र ती दुरुस्तीसुलभता खरोखरच मोलाची होती, हे अभियंत्यालाही मान्य करावे लागेल.

टॅक्सीच्या व्यवसायाने या वादाचा आपल्यापुरता निकाल लावला, आणि तो शहरागणिक वेगळा लागला. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी झाली, कलकत्त्याची पिवळी ॲम्बॅसडर झाली. कारखाना हाताशी असणे, भागांचा पुरवठा आणि त्या गाडीत हात बसलेले मेस्त्री यांचा यात वाटा आहेच. शिवाय दाट वस्तीच्या गल्ल्यांत चार उतारू घेऊन फिरायला मुंबईला आखूड गाडी सोयीची पडली. या शतकाच्या आरंभी मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर, म्हणजे दाबाखालील नैसर्गिक वायूवर, गेल्या तेव्हा पद्मिनीची उणीव उघड झाली: वायूची टाकी डिकीत बसली, उतारूंचे सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले आणि आधीच बेताची असलेली शक्ती आणखी थोडी घटली. तरीही ती चालत राहिली. कारखान्यातील उत्पादन २००० च्या सुमारास थांबले असताना मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली.

अभ्यासक : उलट ॲम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ पर्यंत टिकले. १९९२ मध्ये तिला इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले. टनामागे अश्वशक्तीचे आपले माप येथे लावून पाहावे.

अभियंता : लावले, आणि ती गाडी पद्मिनीला सहज मागे टाकते, यात शंका नाही. परंतु जपानी इंजिन घातल्यावर जी जिंकते ती मॉरिस नव्हे. १९५० च्या दशकातील ब्रेक आणि कमान-पाट्यांवर १९८० च्या दशकातील वेग लादणे, ही सुधारणा कमी आणि धाडस अधिक.

अभियंत्याचा हा आक्षेप थोडा ताणलेला आहे. पुढील काळात ॲम्बॅसडरला पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकही उपलब्ध झाले, आणि इसुझूची गाडी ही या घराण्यातील सर्वांत वापरण्याजोगी गाडी ठरली. तीस-पस्तीस वर्षे उशिरा आलेली सुधारणा ही सुधारणाच असते.

आज या गाड्या बाळगू इच्छिणाऱ्यासाठी प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या पेट्रोलमधील शिसे झडपांच्या बैठकीला वंगणासारखे जपत असे, त्यामुळे कठीण धातूची बैठक न बसवलेल्या इंजिनांत ती हळूहळू झिजते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील वायसर यांना मानवत नाही; दोन्ही बदलून घेणे भाग आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून दहा वर्षांची वेगळी नोंदणी मिळू शकते, तिचे शुल्क २० हजार रुपये आहे, मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. १९७४-७५ च्या पद्मिनी या उंबरठ्यावर आता येऊन पोहोचल्या आहेत. रोज चालवायची असल्यास नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठीची तपासणी हाच मार्ग उरतो.

एवढ्या वादानंतर निवाडा द्यायचा तर तो असा देता येईल. एक-दोन माणसांनी शहरात स्वतः चालवण्यासाठी पद्मिनी सरस आहे, आणि ती कार्ब्युरेटरच्या मूळ १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनासहच घ्यावी. पाच-सहा जणांनी घाटापलीकडच्या गावी जाण्यासाठी इसुझू इंजिनाची ॲम्बॅसडर अधिक उपयोगी आहे. जुन्या १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल गाडीच्या बाजूने आज केवळ हौस हेच कारण उरते, आणि डिझेलच्या बाजूने तेही नाही. दोन्ही गाड्यांना स्वतंत्र चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तो आतून गंजतो. म्हणून खरेदीपूर्वी इंजिनाचा आवाज ऐकत बसण्याआधी गाडी रॅम्पवर चढवावी, दारांखालचे पट्टे आणि कमान-पाट्यांच्या टोकाचा पत्रा टोचून पाहावा, आणि आरसी पुस्तकातील क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळत नसेल तर भाव कितीही उतरला तरी ती घेऊ नये.